छोट्या बेस अँपचा स्पीकर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १५ ते ४० वॉटच्या, एकच स्पीकर असलेल्या ट्रान्झिस्टर बेस अँपसाठी, म्हणजे बेस गिटार वाजवायच्या छोट्या अँपसाठी आहे. लेनी आरबी१, ऑरेंज क्रश बेस २५, हार्टके एचडी१५, फेंडर रंबल ४० ही या वर्गातली ओळखीची नावं. यांचा स्पीकर साडेसहा, आठ किंवा दहा इंची असतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचा उल्लेख जिथे धोका आहे तेवढ्यापुरताच येईल.

स्पीकर बदलून नेमकं काय मिळतं?

चांगला स्पीकर निवडला तर आवाजाची पातळी वाढते, बोटांचा आणि तारेचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि नॉब दोनच्या पुढे नेला की सुरू होणारी फडफड कमी होते. बहुतेक जण मात्र हा सगळा खटाटोप करतात तो पोटात जाणवणाऱ्या खोल बेससाठी, आणि नेमका तोच क्वचित मिळतो. खोल बेस ठरतो तो स्पीकर ज्यात बसवलाय त्या अँपच्या खोक्याच्या आकारमानावर. स्पीकर बदललात तरी खोकं तेच राहणार.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आयात केलेला चांगला स्पीकर आपल्याकडे सहज अँपच्या निम्म्या किमतीला जातो. कधी त्याहूनही वर.

खोक्याचा इतका काय संबंध?

केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलेला नियम आजही कोणी मोडू शकलेलं नाही. लहान खोकं, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी एका वेळी फक्त दोनच पदरात पडतात. प्रॅक्टिस अँप बनवणाऱ्याने लहान खोकं आणि बऱ्यापैकी आवाज हे दोन आधीच निवडलेले असतात. खोल बेस त्याने जाणूनबुजून सोडलेला असतो.

हवेच्या हिशोबाने पाहू. बेसच्या जाड ई तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा. आठ इंची स्पीकरच्या कोनचं (पुढच्या हलणाऱ्या शंकूचं) कामाचं क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर. कोन मधल्या जागेपासून पुढे तीन आणि मागे तीन मिलिमीटर हलला, आणि अँप जमिनीवर ठेवलेला असला, तर एक मीटरवर ४१ हर्ट्झला सुमारे ८९ डेसिबल मिळतात. तेवढीच हालचाल ८२ हर्ट्झला, म्हणजे एक सप्तक वर, १०१ डेसिबल देते. उलट बाजूने बघा: आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर कोनला चौपट हलावं लागतं. इतकं हलायला साध्या आठ इंची स्पीकरमध्ये जागाच नसते. बारा इंची कोनचं क्षेत्रफळ ५३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून तेवढ्याच हालचालीत तो आठ डेसिबल जास्त देतो. वॉट कितीही ओता, हा हिशोब बदलत नाही.

मग छोट्या अँपवर ई तार ऐकू तरी कशी येते?

४१ चा मूळ स्वर फार कमी येत असतो. तारेतून त्याच वेळी ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही निघतात आणि ते जोरदार असतात. त्यांच्यातलं अंतर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. यात फसवणूक वगैरे काही नाही, मोठे अँपसुद्धा बऱ्याच अंशी याच भरवशावर चालतात. अँपेगच्या प्रसिद्ध एसव्हीटी-८१०ई कॅबिनेटमध्ये दहा इंची आठ स्पीकर असतात, तरी त्याच्या अधिकृत माहितीत तीन डेसिबलच्या उताराची खालची मर्यादा ५८ हर्ट्झ दिलेली आहे. ज्या ‘भारदस्त’ बेससाठी लोक जीव टाकतात तो बराचसा ८० ते २०० हर्ट्झमध्ये राहतो. छोट्या अँपमध्ये सुधारायचा पट्टाही तोच.

खर्च करण्याआधी फुकटात काय करून पाहू?

आधी हेडफोन लावा. अँपच्या हेडफोनच्या भोकातून बेस भरलेला आणि खोल वाटला, तर सर्किट ठीक आहे आणि अडचण स्पीकर-खोक्याची आहे. हेडफोनवरही आवाज पातळच असेल तर स्पीकर बदलून पैसे वाया जातील. बऱ्याच छोट्या अँपमध्ये बनवणाऱ्याने सर्किटमध्येच खालचा पट्टा कापलेला असतो, म्हणजे छोटा स्पीकर फाटू नये. नवा दणकट स्पीकर घातलात तरी कापलेलं परत येत नाही.

मग अँपची जागा बदला. खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलेला अँप आणि जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला अँप यांत दिवस-रात्रीचा फरक असतो. जमिनीच्या जोडीला आणखी एक भिंत आली की खालच्या पट्ट्यात सहा डेसिबलपर्यंत भर पडू शकते. कोपऱ्यात ठेवला तर अजून. कोपऱ्यात आवाज घुमून चिखल होत असेल तर हातभर पुढे ओढा.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: बेसचा नॉब कमी करा. पूर्ण उघडा ठेवला की अँपची बरीचशी ताकद जो स्वर हा स्पीकर देऊच शकत नाही त्याच्यावर खर्च होते, कोन फडफडतो आणि बाकीचा आवाजही गढूळ होतो. बेस बारा वाजताच्या जरा खाली, लो-मिड जरा वर, आणि मग व्हॉल्यूम वाढवून बघा. दहांतले निदान चार जण इथेच थांबतील असा माझा अंदाज आहे, आणि थांबले तर चांगलंच.

स्पीकर खरंच गेलाय हे कसं ओळखायचं?

अँप बंद करा, प्लग काढा, जाळी उतरवा. दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या भोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन हळूच, सरळ आत दाबा. तीन-चार मिलिमीटर पुरे. निरोगी स्पीकर मुकाट्याने आत जातो आणि परत येतो. आतून ‘खर्र’ असं घासल्यासारखं जाणवलं तर व्हॉइस कॉइल (कोनला चिकटवलेलं तारेचं वेटोळं) मॅग्नेटच्या फटीत घासतेय. एका बाजूने दाबू नका, चांगला स्पीकरही घासल्याचा आवाज देईल.

आता मल्टिमीटर. स्पीकरची एक वायर सोडवून दोन टोकांमधला रोध मोजा. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमचा तीन ते चार. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली किंवा तिच्याकडे जाणारी वेणीसारखी लवचीक तार तुटली. तार तुटली असेल तर नशीब चांगलं, ती जोडून मिळते.

आवाज येतोय पण खरखर आहे, अशा वेळी घाईने स्पीकरला दोष देऊ नका. फोनवर टोन जनरेटरचं एखादं अ‍ॅप घ्या, ऑक्स इनपुटला जोडा आणि बेताच्या आवाजात ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर न्या. एका ठरावीक ठिकाणीच खरखर येत असेल तर काहीतरी सैल आहे: हँडल, जाळी, मागची फळी, एखादा स्क्रू, कधी नॉबची चकती. संशयिताला हाताने दाबून धरा, आवाज थांबला की चोर सापडला. खालच्या सगळ्याच पट्ट्यात खरखर असेल आणि आवाजाबरोबर वाढत असेल, तर मात्र स्पीकरच.

ओहमचं काय? चारच्या जागी आठ चालतो का?

चालतो, पण आवाज कमी होतो. ट्रान्झिस्टर अँप आठ ओहमला चार ओहमच्या मानाने साधारण निम्मी ते साठ टक्के ताकद देतो, म्हणजे दोन-तीन डेसिबलचं नुकसान. नव्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी त्याहून चांगली असेल तर ते भरून निघतं.

उलटं करू नका. आठ ओहमच्या अँपला चारचा स्पीकर लावला की आतली चिप दुप्पट करंट द्यायला जाते. या वर्गात टीडीए२०३०, टीडीए२०५० किंवा एलएम१८७५ सारख्या चिप असतात. त्यांना स्वतःचं संरक्षण असतं, त्यामुळे लगेच धूर निघेलच असं नाही. बहुधा दहा-पंधरा मिनिटांनी आवाज जायला-यायला लागतो आणि माणूस केबल बदलत बसतो. मागच्या पॅनेलवर किंवा जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर ओहम छापलेला असतो, तो पाहूनच खरेदी करा.

व्हॉल्व्हच्या अँपला मात्र ओहम जुळलाच पाहिजे, आणि तो स्पीकर न जोडता वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

१५ वॉटच्या अँपला २०० वॉटचा स्पीकर लावला तर ‘ओढला’ जाईल का?

स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती उष्णता सहन करतो त्याची मर्यादा. तेवढे वॉट त्याला दिलेच पाहिजेत असं नाही. १५ वॉटचा अँप २०० वॉटच्या स्पीकरला आनंदाने चालवतो. अडचण वेगळी आहे. जास्त वॉट झेलायला बनवलेल्या स्पीकरचा कोन आणि कॉइल जड असतात, आणि जड कोनला हलवायला थोडे वॉट अपुरे पडतात. म्हणून वॉटचा आकडा बघून भारावून जाऊ नका, त्याच्या शेजारचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. अँपच्या तिप्पट-चौपट वॉटचा स्पीकर भरपूर झाला.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय?

एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा. छोट्या अँपसाठी कागदावरचा सगळ्यात मोलाचा आकडा हाच.

१५ वॉट म्हणजे एक वॉटपेक्षा सुमारे १२ डेसिबल वर. ८८ डेसिबलचा मूळ स्पीकर या अँपवर जास्तीत जास्त १०० च्या आसपास पोहोचतो. त्याच जागी ९४ चा बसवला तर १०६. जुन्या स्पीकरवर तेवढा आवाज काढायला ६० वॉटचा अँप लागला असता! वॉट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा लागतात, हे लक्षात ठेवलं की जाहिरातींचा बराचसा जोर ओसरतो.

एक सावधगिरी. काही कंपन्या हा आकडा दोन-तीन किलोहर्ट्झच्या उंचवट्यासकट मोजतात. आलेख मिळाला तर १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात रेघ कुठे आहे ते पाहा. तिथे ८८ आणि वर ९६ असेल तर तो स्पीकर मोठ्याने वाजेल, पण बेसचा वाटणार नाही.

डेटाशीटवर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असं काय काय असतं. त्यातलं काय वाचू?

हे थील-स्मॉल आकडे. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली, तेव्हापासून खोक्यात स्पीकर कसा वाजेल ते कागदावर आधीच कळू लागलं. तुम्हाला तीनच आकडे लागतील. एफएस म्हणजे खोक्याबाहेर मोकळ्या स्पीकरचा नैसर्गिक कंपनांक. व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकतेशी बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये. क्यूटीएस सांगतो की कोनवर मॅग्नेटचा आणि लवचीक भागांचा किती ताबा आहे. आकडा लहान, तर ताबा घट्ट.

खोकं बंद असेल तर हिशोब कॅल्क्युलेटरवर होतो. व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. येणाऱ्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोघांनाही गुणा. समजा खोकं आतून १५ लिटरचं, स्पीकरचा एफएस ६०, व्हीएएस ३० आणि क्यूटीएस ०.५. गुणक येतो १.७३. म्हणजे खोक्यात बसल्यावर कंपनांक १०४ हर्ट्झवर चढला आणि क्यूटीएसच्या जागी ०.८७ आले. १०४ च्या खाली आवाज झपाट्याने उतरणार, पण १०४ च्या आसपास भरलेला वाटणार. प्रॅक्टिस अँपसाठी हे चांगलं गणित आहे.

आता दुसरा स्पीकर घ्या. सगळं तेच, फक्त मॅग्नेट मोठा आणि क्यूटीएस ०.३. खोक्यात तो ०.५२ होतो. याचा अर्थ १०४ हर्ट्झला हा स्पीकर स्वतःच्या मधल्या पातळीपेक्षा जवळजवळ सहा डेसिबल खाली असेल, तर पहिला एकच डेसिबल खाली होता. दुकानात हातात घेतल्यावर वजनाने भारी वाटणारा, महागडा, मोठ्या मॅग्नेटचा स्पीकर घरी आणून बसवला आणि बेस उलट पातळ झाला, असं बरेच जण सांगतात, त्याचं कारण हे. मोठा मॅग्नेट वाईट नसतो, तो मोठ्या किंवा पोर्ट (हवेसाठी नळीचं भोक) असलेल्या खोक्यासाठी असतो. लहान बंद खोक्याला ०.४ ते ०.६ मधला क्यूटीएस आणि खोक्याच्या दुपटीहून फार मोठा नसलेला व्हीएएस बघा.

खोक्याचे लिटर काढायला आतली लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला हजाराने भागा, आणि वरच्या चॅसिसने (सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीने) व्यापलेली जागा वजा करा.

मागे किंवा पुढे भोक आहे. तो पोर्ट का? तो बंद करू का?

भोकाच्या आत नळी किंवा फळ्यांची खाच असेल तर तो पोर्ट. तो किती हर्ट्झला लावलाय हे खोक्याच्या आकारमानावर आणि नळीच्या मापावर ठरतं, स्पीकरवर जवळजवळ नाही. त्यामुळे नवा स्पीकर साधारण ०.३ ते ०.४ क्यूटीएसचा निवडा, म्हणजे तो या खोक्यात नीट बसेल. पोर्टच्या कंपनांकाच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. पाच तारांच्या बेसची खालची बी तार जवळपास ३१ हर्ट्झची असते, तिने छोटे पोर्टवाले अँप हमखास फडफडतात ते त्यामुळेच. पोर्टमध्ये पायमोजा कोंबून पाहायला काही हरकत नाही. बेस थोडा कमी होईल, पण घट्ट होईल. काहींना हाच आवाज जास्त आवडतो.

मागची बाजू अर्धी उघडी असेल तर तो बहुधा गिटारचा अँप आहे. कोनच्या मागची हवा पुढच्या हवेला खाली खेचते आणि बेस हवेतल्या हवेत रद्द होतो. तिथे बेसचा स्पीकर घालून काही साधणार नाही.

आत कापूस भरला तर?

बंद खोक्यात थोडा उपयोग होतो. उशीत भरतात ते पॉलिस्टरचं रेक्रॉन सैलसर भरलं तर खोकं थोडं मोठं असल्यासारखं वागतं आणि पोकळ ‘डब्बा’ आवाज कमी होतो. पोर्टसमोर आणि हीटसिंकजवळ भरू नका. गादीतला साधा कापूस नको, तो दमट हवेत बसतो आणि गरम भागाजवळ धोकादायक.

गिटार अँपचा स्पीकर पडून आहे. तो लावू?

नको. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका आणि हालचाल जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. वरच्या पट्ट्यात तो मुद्दाम ‘तुटतो’, गिटारला तेच हवं असतं. बेसला ते खणखणीत कर्कश लागतं, आणि जरा जोर लावला की कॉइल फटीबाहेर येते.

आणि कारचा सबवूफर? एफएस फक्त ३५ हर्ट्झ आहे!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वरचं गणितच वापरा: एफएस ३५, व्हीएएस ६०, खोकं १५ लिटर. गुणक २.२४, म्हणजे खोक्यात कंपनांक ७८ हर्ट्झ. पस्तीसचा गाजावाजा तिथेच संपला. त्यात असे सबवूफर ८४-८५ डेसिबलचे असतात, कारण त्यांच्यामागे कारमध्ये शेकडो वॉट असतात. तुमच्या १५ वॉटवर तो जुन्या स्पीकरपेक्षा हळू वाजेल. पाचशे हर्ट्झच्या वर तो फारसा काही देत नाही, त्यामुळे स्लॅपचा (अंगठ्याने तारेवर ठोका मारून वाजवण्याचा) आणि बोटांचा आवाज गायब. शिवाय तो बहुधा चार किंवा दोन ओहमचा, कधी दोन कॉइलचा. होम थिएटरच्या वूफरलाही हेच लागू.

पीएचे, म्हणजे कार्यक्रमांच्या साउंड सिस्टिमचे, मिड-बेस स्पीकर मात्र कामाचे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत ते सहज मिळतात. सेन्सिटिव्हिटी चांगली, कोन दणकट. डेटाशीट मागा. दुकानदार “साहेब, एकदम दणका आहे” एवढंच सांगत असेल तर तो स्पीकर घेणं म्हणजे जुगार आहे, हे समजून घ्या. आयातीत एमिनन्सचे बीटा-८ए, बीटा-१०ए आणि सेलेस्टियनचा पल्स१० ही नावं वारंवार दिसतील. घेण्याआधी वरचं गणित तुमच्या खोक्यासाठी करा. नाव चांगलं असलं म्हणून आकडे जुळतीलच असं नाही.

आठच्या जागी दहा इंची बसवता येईल का?

फळी कापून बसतो, पण खोकं आठ इंचीच्या हिशोबाचं आहे. दहा इंची स्पीकरचा व्हीएएस सहसा दुप्पट-तिप्पट, म्हणून कंपनांक फार वर जातो आणि आवाज छातीत दाटल्यासारखा येतो. शिवाय अँप परत विकता येत नाही. त्यापेक्षा वापरलेला दहा किंवा बारा इंची काँबो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) शोधा. रंबल ४० सारखा दहा इंची अँप आठ-साडेआठ किलोचाच असतो, एका हाताने उचलता येतो.

काय काय मोजून घेऊ?

‘आठ इंची’ हे फक्त नाव. भोकाचा व्यास, स्क्रूंच्या वर्तुळाचा व्यास, स्क्रू चार की आठ, आणि मागची खोली, ही चार मापं घ्या. खोली सगळ्यात जास्त फसवते. मॅग्नेट ट्रान्सफॉर्मरला किंवा चॅसिसला टेकला तर काम थांबलं. टेकला नाही, पण फार जवळ आला, तर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वाढू शकते. निदान दोन सेंटिमीटर मोकळे हवेत.

प्रत्यक्ष बदलायचं कसं?

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. ट्रान्झिस्टर अँपच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही काही वेळ व्होल्टेज टिकून राहतं. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये ते चारशे व्होल्टच्या वर असू शकतं, म्हणून तो स्वतः उघडू नका.

अँप पाठीवर झोपवा, म्हणजे शेवटचा स्क्रू निघाल्यावर स्पीकर खाली पडणार नाही. वायर ओढण्याआधी फोटो काढा. सरकवायच्या क्लिप असतील तर पक्कडीने क्लिपला धरून सरळ खेचा, वायर धरून नाही; जुन्या क्लिप गंजलेल्या असतात आणि स्पीकरची पत्रीच उपटून येते. सोल्डर असेल तर खाली कागद धरा, वितळलेला थेंब कोनवर पडला की भोक. पेचकस नेहमी बाहेरच्या दिशेला कलता ठेवा. मॅग्नेट त्याला ओढतो आणि कोनला पडणारी बहुतेक भोकं पेचकसाचीच असतात.

खोकं पार्टिकल बोर्डचं असेल तर स्क्रूची भोकं भुगा झालेली सापडतील. काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू लावा. शक्य असेल तर टी-नट (लाकडात मागून ठोकायचे दातेरी नट) आणि बोल्ट बसवा. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली की फ्रेम पिळते आणि कॉइल घासते. कडेची गास्केट फाटली असेल तर खिडकीला लावतात ती फोमची पट्टी चालते. बंद खोक्यात हवा गळता कामा नये.

प्लस-मायनस उलटं लागलं तर?

एकच स्पीकर असेल तर काही बिघडत नाही, तरी नीट लावा. खूण पुसली असेल तर पेन्सिल सेलच्या दोन वायर क्षणभर टेकवा. कोन पुढे आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला लागला तेच प्लस. दोन स्पीकर किंवा बाहेरची कॅबिनेट असेल तर हे जुळायलाच हवं, नाहीतर बेस एकमेकांना खाऊन टाकतो.

नवा स्पीकर ‘खुलायला’ वेळ लागतो का?

थोडा. कडेचं कापड आणि आतला कंगोऱ्यांचा पडदा सैल होतो आणि एफएस किंचित खाली येतो. न आवडलेला स्पीकर महिन्याभराने आवडेल इतका फरक पडत नाही.

जुनाच स्पीकर दुरुस्त करून मिळेल का?

मिळतो, आणि आपल्याकडे हा पर्याय उगाच विसरला जातो. मंडपाच्या साउंडवाल्यांचे स्पीकर दर सीझनला जळतात, त्यामुळे कॉइल आणि कोन बदलून देणारे कारागीर जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात आहेत. मात्र त्यांच्याकडे सहसा बारा ते अठरा इंचीचं सामान असतं. आठ इंचीला मिळेल तो कोन बसवला जातो आणि स्पीकरचे आकडे बदलतात. कॉइलचा ओहम तोच ठेवायला बजावून सांगा, आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका, तुमच्या आठ इंचीकडे बघायला कोणाला सवड नसते.

कोन फक्त फाटला असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि लवचीक रबरी चिकटद्रव्य पुरतं. कडक वाळणारं काही वापरू नका. फोमची कड असलेले स्पीकर कोकणात, मुंबईत आणि गोव्यात दमट हवेने काही वर्षांत भुसभुशीत होतात. बोट लावलं की कड गळून पडते. कागदी कोनवर पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके येतात, ते कोरड्या मऊ ब्रशने झाडा. नवा घेताना कडेला कापडाच्या सुरकुत्या असलेला घ्या, म्हणजे ही कटकट राहत नाही.

हे सगळं केल्यावर ड्रमरबरोबर वाजवता येईल का?

नाही. ड्रमर सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि खोलीत माणसं असतात. अँपला लाइन आउट किंवा डीआय (थेट मिक्सरला जोडायचं आउटपुट) असेल तर तिथून मिक्सरला द्या आणि छोटा अँप स्वतःच्या कानासाठी शेजारी ठेवा. तो तेवढ्यासाठी उत्तम आहे.

अमेरिकेहून आणलेला अँप आहे, त्याला वेगळा स्पीकर लागतो का?

स्पीकर तोच चालतो. बघायचं ते व्होल्टेज. तिकडचा अँप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. मागे व्होल्टेज बदलायचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापेल. मागची बाजू भिंतीला अगदी चिकटवू नका.

जुना स्पीकर टाकून देऊ?

वॉरंटी चालू असेल तर मुळात काढूच नका. संपली असेल तर काढलेला स्पीकर नव्याच्या पॅकिंगच्या खोक्यात, मॅग्नेट खाली ठेवून, वरून पुठ्ठा लावून ठेवा, आणि त्याचे मूळ स्क्रू एका पिशवीत फ्रेमला बांधा. अँप विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मूळ स्पीकरच मागतं. नवा मग पुढच्या अँपमध्ये जातो.